सात वर्षांनी पुन्हा ड्राफ्ट्समनच्या मुलाखतीला

नागपूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ३६. आयटीआयमधून दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल (यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढण्याचा) ट्रेड केला, मग हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये पाच वर्षं नोकरी. मुलीच्या जन्माच्या वेळी काम सुटलं, पाठोपाठ सासूबाईंचं आजारपण आलं आणि सात वर्षं निघून गेली. आता बुटीबोरीच्या एका कारखान्यातून मुलाखतीचा फोन आलाय. कन्व्हेयर आणि स्ट्रक्चरचं काम आहे. आधी संगणकावर तासाभराची ड्रॉइंग टेस्ट, मग तोंडी प्रश्न. हातात बारा दिवस आहेत. त्या लिहितात : "भावाच्या लॅपटॉपवर ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं, तर कुठे काय आहे तेच कळेना. आताची मुलं थ्रीडी शिकून येतात, त्यांच्यापुढे माझा काय निभाव लागणार? सीताबर्डीच्या एका क्लासमध्ये सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा कोर्स आहे, फी ४० हजार. मुलाखत सोडून आधी तो करावा का? की घरून छोटी-मोठी कामं करत होते असं सांगून वेळ मारून न्यावी? तसं परवा सोसायटीच्या नव्या गेटचं ड्रॉइंग आलं, त्यात बिजागरीच्या बाजूचं माप राहिलंय हे मात्र मलाच दिसलं."

ताई, ते शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. कागदावर जे काढलंय ते कोणालाही दिसतं. जे असायला हवं होतं आणि नाही, ते दिसायला काम केलेली नजर लागते. ती तुमच्याकडे शाबूत आहे. "सगळं विसरले" म्हणताना नेमकं काय विसरलं ते वेगळं काढून बघा. कमांड आणि बटणांच्या जागा विसरल्या, हे खरं. पण माप कुठून धरायचं, वेल्डरचा हात कुठे पोचणार नाही, भोक आधी पाडायचं की जोडल्यावर, हे पाच वर्षांच्या कामातून आलेलं ज्ञान तसं पुसलं जात नाही. टेस्ट घेणारा हेच तपासतो. हे ड्रॉइंग खाली वर्कशॉपला दिलं तर फोरमन माप विचारायला परत वर येईल का, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

म्हणून मुलाखत सोडू नका. आजच त्या कारखान्यात फोन करून तीन गोष्टी विचारा : टेस्ट कोणत्या सॉफ्टवेअरवर आहे, टूडी की थ्रीडी, आणि दिलेल्या नमुन्यावरून काढायचं की स्केचवरून. असं विचारण्यात कमीपणा नाही, उलट उमेदवार गंभीर आहे हे त्यांना कळतं. अनेक छोट्या कारखान्यांत ऑटोकॅडऐवजी झेडडब्ल्यूकॅडसारखं स्वस्त सॉफ्टवेअर असतं. कमांड जवळजवळ त्याच असतात, तेव्हा त्याने बिचकू नका.

आता त्या अनोळखी पडद्याचं. तुमच्या सवयीची 'क्लासिक' मांडणी ऑटोकॅडने २०१५ च्या आवृत्तीपासून काढून टाकली. कमांडच्या ओळीत 'मेनूबार' हा शब्द इंग्रजीत टाइप करून १ द्या, वरचे जुने मेनू परत येतील. पण खरं सांगायचं तर मेनूची गरजच पडू नये. लाइनला एल, सर्कलला सी, ऑफसेटला ओ, ट्रिमला टीआर, मिररला एमआय, फिलेटला एफ ही अक्षरं तीच आहेत. एका ठिकाणी मात्र हात अडखळेल. २०२१ पासून ट्रिम आधी कापणारी रेघ निवडायला सांगत नाही, सरळ नको असलेल्या तुकड्यावर क्लिक करायचं असतं. जुन्या सवयीने आधी रेघ निवडायला गेलात तर तीच रेघ कापली जाते आणि माणूस गोंधळतो. 'ट्रिमएक्स्टेंडमोड' ० केलं की जुनी पद्धत परत येते. तरी नवीच शिका, कारण टेस्टच्या मशीनवर सेटिंग बदलत बसायला वेळ नसतो.

भावाच्या लॅपटॉपवरची प्रत चोरीची असेल तर ती काढा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून मर्यादित मुदतीची मोफत चाचणी आवृत्ती घ्या. मुदत सुरू झाली की थांबत नाही, म्हणून ज्या दिवशी सरावाला बसणार त्याच दिवशी ती सुरू करा.

पहिले दोन दिवस मात्र संगणक उघडूच नका. पेन्सिल, कोरे कागद आणि घरातल्या वस्तू एवढ्यावर बसा. एखादी वस्तू तिरकी धरून आयसोमेट्रिक (तिन्ही बाजू एकत्र दिसतील असं) स्केच करा, मग तिचे तीन व्ह्यू काढा. हे व्ह्यू मांडायची आपल्याकडची पद्धत म्हणजे फर्स्ट अँगल : टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली, डाव्या बाजूचा व्ह्यू उजवीकडे. अमेरिकी ग्राहकांची कामं करणाऱ्या कारखान्यांत थर्ड अँगल दिसतं आणि तिथे सगळं उलट. टेस्टचा कागद हातात आला की सर्वांत आधी टायटल ब्लॉकमधलं (शीटवरच्या माहितीच्या चौकटीतलं) चिन्ह बघा. शंकूचा निमुळता भाग डावीकडे असताना दोन वर्तुळं शंकूच्या उजवीकडे असली तर फर्स्ट, डावीकडे असली तर थर्ड. हे न बघता सुरुवात केली तर तासभराचं नीटनेटकं ड्रॉइंग शेवटी आरशातलं निघतं आणि कोणी ते वाचायलाही घेत नाही.

तिसऱ्या दिवसापासून एकच वस्तू पूर्ण करा, आणि नागपुरात त्यासाठी कूलरच्या स्टँडसारखी दुसरी वस्तू नाही. दर दुसऱ्या घरात तो आहे, अँगलचा (एल आकाराच्या लोखंडी पट्टीचा) आहे, वेल्ड केलेला आहे, आणि बहुतेक वेळा ड्रॉइंगशिवाय बनलेला आहे. टेप घेऊन घरचा स्टँड मोजा आणि कारखान्याला देता येईल असं फॅब्रिकेशन ड्रॉइंग काढा. आकडे सोपे जावेत म्हणून इथे एक स्टँड धरू : वरची चौकट बाहेरून ६०० बाय ६००, एकूण उंची ९०० मिमी, अँगल २५×२५×३, चौकटीचे कोपरे ४५ अंशात कापलेले, अँगलची एक बाजू वर आडवी आणि आत वळलेली, दुसरी खाली. पाय या चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात, आडव्या बाजूखाली बसतात. पायांच्या बाहेरून खाली चारही बाजूंनी २५×३ ची पट्टी.

आता कटिंग लिस्ट करा. पायाची लांबी किती? घाईत ९०० लिहाल आणि स्टँड ९०३ चा होईल, कारण वर चौकटीची ३ मिमी जाडी आहे. पाय ८९७. पट्टी किती? पाय चौकटीच्या आत असल्याने त्यांचं बाहेरचं माप ६०० वजा दोन्हीकडची जाडी, म्हणजे ५९४. मग एकूण अँगल : चार वेळा ६०० आणि चार वेळा ८९७, मिळून ५.९८८ मीटर. बाजारातला अँगल साधारण ६ मीटरचा येतो. कागदावर पुरतो, प्रत्यक्षात पुरत नाही. उरतात १२ मिमी, आणि आठ तुकड्यांना किमान सात काप लागतात. कटिंग व्हील दर कापाला अडीच-तीन मिमी खातं, म्हणजे २० मिमीच्या आसपास तिथेच गेले. शेवटच्या पायासाठी दुसरा अँगल आणावा लागणार.

इथेच ड्राफ्ट्समनची किंमत कळते. पायांखाली ५०×५०×५ ची प्लेट लावा, तशीही ती हवीच, नाहीतर अँगलची धार गॅलरीच्या टाइलमध्ये रुतते. एकूण उंची ९०० च ठेवली तर पाय ८९२ होतो, अँगल ५.९६८ मीटर लागतो, ३२ मिमी उरतात आणि सगळे काप एका अँगलमध्ये बसतात. तोंडी परीक्षेत हे एवढं समजावून सांगितलंत तर सात वर्षांचा प्रश्न कोणी फार ताणणार नाही.

वजनही काढा, फॅब्रिकेशनवाले हटकून विचारतात. पोलादी प्लेटचं सूत्र पाठ ठेवा : एक चौरस मीटरला दर मिमी जाडीमागे ७.८५ किलो. २५×३ ची पट्टी मीटरला ०.५९ किलो, २५×२५×३ अँगल मीटरला १.१ किलो. या हिशेबाने स्टँड : अँगल ६.५७, पट्टी १.४, चार प्लेट ०.३९, एकूण सुमारे ८.४ किलो. गोल सळईसाठी व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागा, मीटरचं वजन येतं. १२ मिमीची सळई ०.८९ किलो.

शीटही विचारपूर्वक निवडा. ए३ आडवी म्हणजे ४२० बाय २९७. स्केल १:५ घेतलं तर फ्रंट आणि खाली टॉप मिळून १५०० मिमीचे ३०० होतात, शीटची उंचीच २९७. म्हणून १:१०. मॉडेलमध्ये, म्हणजे संगणकावर जिथे वस्तू काढता तिथे, मात्र ती नेहमी १:१ काढायची, ६०० म्हणजे ६०० च. ती छोटी करून काढायची आणि मापाचा आकडा हाताने बदलून लिहायचा, ही चूक परीक्षक ताबडतोब पकडतात. मापावर डबल-क्लिक केलं की खोटा आकडा उघडा पडतो. १:१० ला मॉडेलमध्येच मापं दिलीत तर डिमस्केल (मापांच्या अक्षरांचा पट) १० ठेवा, म्हणजे २.५ मिमीचं अक्षर छापताना २.५ च येईल. तुटक रेघा सलग दिसत असतील तर रेघ चुकलेली नसते, एलटीस्केल (तुटक रेघांचा पट) लहान किंवा मोठं असतं.

असं एक ड्रॉइंग झालं की दुसरं ड्रॉइंग घड्याळ लावून करा. तासाच्या टेस्टमध्ये पहिली पाच मिनिटं फक्त वाचायला ठेवा. युनिट मिलिमीटर आहेत का बघा, फाइल नाव देऊन सेव्ह करा, बाह्यरेषा, तुटक रेषा, मध्यरेषा, मापं, हॅच (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या रेघा) अशा वेगवेगळ्या लेयर (थर) करा. सगळं शून्य लेयरवर काढलेलं ड्रॉइंग कितीही बरोबर असलं तरी माणूस सवयीचा नाही हे सांगतं. हॅच पडत नसेल तर बहुधा कोपऱ्यात केसाएवढी फट आहे. ऑब्जेक्ट स्नॅप बंद असताना रेघ डोळ्यांनी जोडली की ही फट राहते. एफ३ (स्नॅपची कळ) तपासा आणि कोपऱ्यावर शून्य त्रिज्येचा फिलेट मारा, म्हणजे दोन्ही रेघांची टोकं जुळतील, मग हॅच पडेल. शेवटची दहा मिनिटं मापांना. एकच माप दोन व्ह्यूंत दिलेलं नको, तुटक रेषेवर माप नको, आणि मापांची साखळी शेवटपर्यंत बंद करायची नाही, एक तुकडा मोकळा सोडून एकूण माप द्यायचं. वेळ अपुरा पडला तर सुंदर शेडिंग सोडा, तिसरा व्ह्यू अर्धा राहिला तरी चालेल, पण टायटल ब्लॉक आणि मापं सोडू नका.

तोंडी प्रश्नांत बरेचदा एक सेक्शन (वस्तू कापून दाखवलेला व्ह्यू) दाखवून चूक विचारतात. लांबीच्या दिशेने काप गेला तरी शाफ्ट, बोल्ट, चावी (शाफ्टवर चाक पक्कं करणारा तुकडा) आणि रिब (आधाराची पातळ पट्टी) यांना हॅच करत नाहीत, हे उत्तर तोंडावर असू द्या. कन्व्हेयरचं काम आहे, तेव्हा फिटबद्दलही, म्हणजे भोकात शाफ्ट किती सैल किंवा घट्ट बसतो याबद्दलही, येईल. २५ मिमीला एच७/जी६ (भोकाचा वर्ग एच७, शाफ्टचा जी६) म्हणजे भोक २५.००० ते २५.०२१ आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. कमीत कमी मोकळीक ०.००७, जास्तीत जास्त ०.०४१. एवढं एक उदाहरण करून दाखवता आलं तर पूर्ण तक्ता पाठ करायची गरज नाही, तक्ता कारखान्यात भिंतीवर लावलेला असतो. माप देताना टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिलेला नसेल तर काय धरायचं, हाही नेहमीचा प्रश्न. आयएसओ २७६८ मध्यम वर्गात ३० ते १२० मिमीला ±०.३, १२० ते ४०० ला ±०.५.

भोकांत गफलत करू नका. एम१२ (१२ मिमी व्यासाचा) बोल्ट आरपार जायचा असेल तर भोक १३.५. त्याच प्लेटमध्ये आटे पाडायचे असतील तर ड्रिल १०.२, कारण पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.७५ आहे. ड्रॉइंगवर नुसतं 'एम१२ भोक' लिहिलं की मशीनवाला आपल्या मनाने ठरवतो. वेल्डचंही तसंच. '६ चा फिलेट' (कोपऱ्यातला तिकोनी वेल्ड) म्हणजे त्याची बाजू ६ की घसा (कोपऱ्यापासूनची जाडी) ६? बाजू ६ असेल तर घसा सुमारे ४.२ येतो. आयएसओ पद्धतीत बाजूला झेड आणि घशाला ए लिहितात, ते अक्षर गाळू नका. आणि आपल्या स्टँडच्या ३ मिमी अँगलवर ६ चा फिलेट लिहिलात तर अनुभवी परीक्षक हमखास थांबवेल. तिथे ३ पुरतो, जास्त मारला तर अँगल जळतो आणि चौकट वाकते.

थ्रीडीवाल्या मुलांची भीती पूर्णपणे खोटी नाही. मोठ्या असेंब्लीत कुठला भाग कुठल्या भागाला घासतो हे थ्रीडीत लवकर कळतं, आणि जिथे सगळं डिझाइन त्यातच होतं तिथे टूडीवाल्याला मागे राहावं लागतं. पण वेल्डरच्या हातात शेवटी मापं टाकलेला कागदच जातो. मॉडेल छान फिरवता येणाऱ्या पण पायाची लांबी ९०० लिहिणाऱ्या उमेदवारापेक्षा तुमची बाजू वरचढ आहे.

मधल्या वर्षांबद्दल खोटं बोलू नका. नीतीचा मुद्दा तर आहेच, पण व्यवहारातही ते टिकत नाही. "घरून कामं करत होते" म्हटलं की पुढचा प्रश्न "कोणासाठी? एखादं दाखवा" हाच येतो आणि तिथून पुढची सगळी मुलाखत संशयात जाते. बायोडेटावर वर्षं जशी आहेत तशी लिहा. विचारलं तर दोन वाक्यांत सांगा : घरच्या जबाबदारीमुळे सात वर्षं नोकरी नव्हती, आता मुलगी शाळेत जाते आणि पूर्णवेळ काम शक्य आहे. एवढंच. सासूबाईंच्या आजाराचा तपशील नको, माफी नको. लगेच फाइल उघडून ए३ वर छापलेलं स्टँडचं ड्रॉइंग आणि कटिंग लिस्ट पुढे ठेवा, "गेल्या दोन आठवड्यांत हे केलं" म्हणून. जुन्या कंपनीची ड्रॉइंग घरी असतील तर ती नेऊ नका. ती त्यांची मालमत्ता आहे, आणि उद्या आमचीही बाहेर दाखवेल असा विचार समोरचा करतो.

असंच पत्र सिव्हिलवाल्यांकडूनही येतं, त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही स्टँडऐवजी जिना घ्या. मजल्याची उंची ३००० आणि रायझर (एका पायरीची उंची) १५० धरला तर २० रायझर, दोन टप्प्यांत दहा-दहा. पण प्रत्येक टप्प्यात ट्रेड (पाय ठेवायची जागा) नऊच, कारण दहाव्या रायझरनंतर लँडिंग येतं. सेक्शनमध्ये बहुतेकांचं चुकतं ते इथेच. सोबत आपल्या घराचा प्लॅन १:१०० ला काढा. भिंती २३० आणि ११५ च्या, दार कोणत्या बाजूला उघडतं ते आणि लिंटेलची पातळी दाखवून.

शेवटी त्या ४० हजारांचं. मुलाखतीआधी एक रुपयाही भरू नका. बारा दिवसांत तीन महिन्यांचा कोर्स होत नाही, आणि हा कारखाना कोणतं सॉफ्टवेअर वापरतो हे अजून ठाऊक नाही. मुलाखतीत तुम्हीच विचारा : थ्रीडी वापरता का, वापरत असाल तर नव्या माणसाला शिकवता का. त्याच वेळी कंपनीची बस आहे का, नागपुरात कुठून सुटते आणि संध्याकाळी किती वाजता परत येते, हेही विचारा. बुटीबोरी जवळपास ३० किलोमीटर, मेट्रो खापरीपर्यंतच आणि मुलगी लहान आहे, तेव्हा हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा. नोकरी लागली आणि थ्रीडी लागणारच असेल, तर पगार सुरू झाल्यावर त्यांच्याच सॉफ्टवेअरचा कोर्स शनिवार-रविवारी करा. नाही लागली, तर तोंडी परीक्षेत कुठले प्रश्न अडले ते त्याच दिवशी लिहून काढा. ते थ्रीडीचे असतील तरच क्लासची पायरी चढा. फिटचे किंवा वेल्डचे असतील तर आयटीआयची जुनी पुस्तकं आणि आठवडाभराचा सराव पुरे, आणि हिंगणा, कळमेश्वर, बुटीबोरी इथल्या पुढच्या जागांसाठी लगेच अर्ज सुरू ठेवा.